मिरजेचा तानपुरा, कऱ्हेकाठचं घर

आमच्या घरात गाणारं कुणी नव्हतं. कऱ्हेकाठचं जिरायती घर. ज्वारी, बाजरी, दावणीला चार जनावरं. आजोबा माळकरी. एकादशीला मारुतीच्या देवळात वीणा गळ्यात घेऊन उभे राहायचे, पण बायामाणसांनी भजनापलीकडचं काही गावं हे त्यांना पटणारं नव्हतं. अशा घरात साठीच्या दशकात तानपुरा आला. आणला आत्यानं, स्वतःच्या पगारातून. ती बारामतीत मुलींच्या शाळेवर होती, आणि पुणे केंद्रावर हिराबाई बडोदेकर लागल्या की हातातलं काम ठेवून रेडिओजवळ बसायची.

आमच्या तानपुऱ्याचं मूळ म्हणूनच मी हिराबाईंच्या घरात शोधते. त्यांचा जन्म १९०५ सालचा, मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव, सरस्वतीबाई ही पाचही भावंडं गाण्यातलीच. खाँसाहेबांचं तानपुऱ्यावर फार प्रेम. वाद्यदुरुस्तीतही त्यांचा हात चालायचा. पुढे आईवडील वेगळे झाले आणि मुलं आईकडे राहिली. तरी हिराबाईंची तालीम थांबली नाही. थोरले सुरेशबाबू होते, किराण्याचेच वहीद खाँ होते, आणि या सगळ्यामागे ताराबाई ठाम उभ्या होत्या. गाण्याच्या घरात जन्मण्याचं खरं भाग्य मला इथे दिसतं. एक हात सुटला तरी शिकवायला दुसरा हात घरातच असतो. आमच्यासारख्या घरातल्या मुलीला तो बाहेर शोधावा लागतो, आणि बाहेर जायला आधी परवानगी लागते.

ती परवानगी आम्हांला हिराबाईंनी मिळवून दिली, असं मी मानते. तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत बाईनं ख्याल गावा, हे त्यांच्या तरुणपणी रुळलेलं नव्हतं. त्या व्यासपीठावर बसल्या आणि कुठलाही अभिनिवेश न आणता गायल्या. धाकट्या सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबर जुगलबंदीही गायल्या. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधी घरोघरच्या बापांचा, भावांचा विरोध त्यांच्या गाण्यानं मऊ करत आणला होता. पुण्याच्या प्रभा अत्रे यांचे आईवडील दोघं शिक्षक, घरात गाण्याची परंपरा नाही. त्या सुरेशबाबूंकडे शिकल्या, मग हिराबाईंकडे, आणि तानपुरा घेऊन हिराबाईंच्या मागे बसल्या. पुढे त्याच किराणा घराण्याच्या मोठ्या गायिका झाल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा मला आत्याची फार आठवण झाली.

आत्याचा तानपुरा मिरजेहून रेल्वेनं नीरा स्टेशनला उतरला आणि तिथून एसटीनं बारामतीला आला. आजोबा दोन दिवस त्याच्याकडे बघेनात. मग आत्यानं त्यांना सांगितलं, की मिरजेचे कारागीर भोपळा आणतात तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेकाठी पिकलेला. आजोबांना ही नदी तोंडपाठ. आपली कऱ्हा सोनगावाजवळ नीरेला मिळते, नीरा आपल्याच इंदापूर तालुक्यात नरसिंगपूरला भीमेला, आणि तेच पाणी पुढे विठ्ठलाच्या पायाशी जातं. त्यांनी भोपळ्यावरून हात फिरवला आणि गवसणी शिवायला स्वतःचं जुनं धोतर काढून दिलं. माझ्या मते परवानगी त्या दिवशी पुरी झाली.

मला आत्यानं आधी गायला शिकवलंच नाही. वर्षभर फक्त तारा छेडायला लावल्या: पंचम, मग जोड, मग खर्ज. घोडीवर तारेखाली दोरा किंचित सरकवला की जवारी खुलते आणि चार तारांतून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घाबरून आत्याकडे पाहिलं. ‘ऐकलास ना? आता गा,’ एवढंच ती म्हणाली.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागानं फार सोसलं. घरातली जनावरं गेली, आई आणि काकू खडी फोडायला गेल्या. तानपुरा विकायचा विषय निघाला, तेव्हा आजोबाच आडवे आले. त्या वर्षी आत्यानं शिकवणीचे पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत.

पुढे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत मी विशारद झाले, बारामतीतच शिकवू लागले. आज माझ्याकडे येणाऱ्या मुली मोबाइलवर तानपुरा लावतात. प्रवासात तो सोयीचा आहे, मीही वापरते. पण तो आयता सुरात असतो. सूर लावताना कान जो घडतो, तो त्यातून घडत नाही. म्हणून पहिलं वर्ष मी लाकडी तानपुऱ्यावरच बसवते, पालक कुरकुरले तरी.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला, पण मानांकनानं कारागिराच्या घरची चूल पेटत नाही, ती गिऱ्हाइकानं पेटते. बारामती-इंदापूरकडे आज ऊस आहे, कारखाने आहेत, पैसाही आला आहे. तुमच्या घरात माळ्यावर एखादा जुना तानपुरा गवसणीत पडून असेल, तर तो खाली काढा. मिरजेला नेऊन तारा बदला, जवारी काढून घ्या. आणि घरातल्या मुलीच्या हातात द्या, घरात गाणं असो वा नसो.