पाणी गेलं कुठं?

पाणी तापवायची कॉइल वापरायला होस्टेलवर बंदी आहे, त्यामुळे ती कोणाकडेच नाही, हे आपण सगळे जाणतोच. (रेक्टर सरांनी नोंद घ्यावी.) पण ज्याच्याकडे ती 'नाही', त्यानं ती एकदा उजेडात धरून बघावी. बोरच्या पाण्यात दोन-तीन महिने बुडालेल्या कॉइलवर पांढरा, खरखरीत थर चढलेला असतो. हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. शाळेत 'दुष्फेन पाणी' म्हणून आपण ते दोन मार्कांपुरतं पाठ केलं आणि विसरलो. हेच पाणी पन्नास-साठ लाखांच्या मशिनच्या इंजिनात गेलं तर काय होतं, ते मी गेल्या उन्हाळ्यात लातूरला बघितलं.

लातूरला माझ्या मामांच्या दोन पोकलेन मशिनी आहेत. (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडं सगळ्या पोकलेनच!) औसा तालुक्यात शेततळ्याचं काम चालू होतं. त्यातल्या एका मशिनवर कूलंटची पातळी कमी असल्याचा लाल दिवा लागायचा. ऑपरेटर खाली उतरायचा, कॅनमधलं बोरचं पाणी ओतायचा, दिवा विझायचा. दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी तो मामांना म्हणाला, "मालक, सेन्सर खराब झालाय. दोन वायरी जोडून टाकू का? काटा तर हिरव्यातच हाय की!"

या 'काटा हिरव्यात आहे' वाक्यानं किती इंजिनं खाल्ली असतील, देव जाणे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो हवेत किंवा वाफेत लटकतो आणि हेड तापून लाल व्हायची वेळ आली तरी काटा निवांत असू शकतो. म्हणून तर पातळीचा वेगळा सेन्सर देतात. तापमानाचा काटा खोटा ठरण्याआधी ओरडणारा तो एकटाच.

अर्थात सेन्सरही फसतो, हे ऑपरेटरचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. काही मशिनींत तरंगता फ्लोट आणि चुंबकाचा स्विच असतो, काहींत नुसती धातूची कांडी. कांडी कूलंटमधून वीज वाहते का ते बघते. तिच्यावर क्षार किंवा तेलाचा थर बसला तर गडबड होते. गंमत म्हणजे अशा काही मशिनींत निव्वळ डिस्टिल्ड वॉटर भरलं तर टाकी काठोकाठ असूनही दिवा लागू शकतो, कारण शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही. बोरच्या पाण्यातून मात्र छान वाहते. म्हणजे जे पाणी इंजिनाला खातं, त्याच्यावर सेन्सर खूश!

मामांनी मिस्त्रींना बोलावलं. साठीचा माणूस, शिक्षण सातवी. पण त्यांची पद्धत बघून मला आपल्या लॅबची जर्नलं आठवली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. ते म्हणाले, सकाळी या, इंजिन थंड असताना, आणि मशीन सपाट जागेवर लावून ठेवा. उतारावर उभ्या मशिनच्या टाकीत पातळी एका बाजूला सरकते आणि दिवा उगाच लागतो. गरम इंजिनाची टोपी तर उघडायचीच नाही. १५ पीएसआयच्या टोपीखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपी सैल केली की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. टोपीचं रबर गेलेलं असेल तर हेच काम हळूहळू होतं आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून गुपचूप निघून जातं.

सकाळी टोपी काढली. पातळी खरोखरच खाली. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. आता प्रश्न एकच, पाणी गेलं कुठं? होज, क्लॅम्प, रेडिएटरची जाळी, वॉटर पंपाखालचं बारीक भोक (सील गेलं की थेंब तिथून येतो) सगळं बघितलं. सगळं कोरडं ठक्क. मग टोपीच्या जागी हातपंप लावून दाब दिला. गेजचा काटा हळूहळू उतरायला लागला, पण जमिनीवर एक थेंब नाही. मिस्त्री म्हणाले, "भायेर नाही, म्हंजे आत." त्यांनी ऑइल पॅनचा नट जरासा सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. आधी पाण्याचे थेंब आले, मग काळं तेल.

आत म्हणजे ऑइल कूलर असू शकतो. पण कूलर फुटला तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तेल टाकीत येऊन तरंगतं. इथं टाकीत तेलाचा थेंब नव्हता. मग पॅन उतरवला, पुन्हा दाब दिला, आणि आम्ही बॅटरी घेऊन खाली आडवे झालो. दहा मिनिटांनी तिसऱ्या सिलिंडरच्या आतून एक थेंब ओघळला.

लायनर काढल्यावर दिसलं, बाहेरच्या बाजूला एका उभ्या पट्ट्यात सुई टोचल्यासारखी भोकं. पिस्टन आपटला की लायनर थरथरतो, त्याच्याभोवतीच्या पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि फुटताना धातूचे कण उडवतात. कॅव्हिटेशन आपण पंपाच्या धड्यात शिकलो, ते इथंही असतं! चांगल्या कूलंटमधली रसायनं लायनरवर संरक्षक पापुद्रा धरतात. नुसत्या पाण्यात तो कुठून येणार? उरलेल्या भागावर तोच कॉइलवाला पांढरा थर होता. त्याची उष्णतावाहकता बिडाच्या साधारण विसाव्या भागाइतकी. म्हणजे इंजिनाला आतून गोधडी पांघरली होती.

आता हे सांगताना ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे. नांदेडला विष्णुपुरीचं गोदावरीचं पाणी पिणाऱ्या आपल्याला ते कळायचं नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पहिलं पाणी आलं, १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात लोकवर्गणीतून मांजरेचं पात्र खोल करायचं काम चालू होतं आणि मामांचं हेच मशीन तिथं होतं. ज्या गावात माणसं घागरी घेऊन रांगेत, तिथं रेडिएटरसाठी चांगलं पाणी मागायची कोणाची हिंमत होणार? मिळेल त्या बोरचं ओतलं. पाणी साठवायला नदी खोदणारं मशीन असं क्षार पीत राहिलं.

सहाही लायनर, सील, कामाची मजुरी, वर बारा दिवस मशीन उभं. हप्ता मात्र उभा राहत नाही. मामींनी त्या महिन्यात भिशीचे पैसे काढून दिले.

दुसऱ्या मशिनबद्दल मामा निश्चिंत होते, कारण त्याचा दिवा कधी म्हणजे कधीच लागला नव्हता. मिस्त्रींनी निघता निघता त्याच्या सेन्सरचा प्लग काढला. दिवा लागायला हवा होता, लागला नाही. वायर चाचपत ते मागं गेले. सीटच्या पाठीमागं काळ्या टेपखाली दोन वायरी पीळ देऊन जोडलेल्या होत्या. मशीन जुनं घेतलेलं, कोणी जोडल्या कोण जाणे. ऑपरेटरनं टोपी उघडली आणि आत बोट घातलं. बोट कोरडंच बाहेर आलं.