चौथ्या डॉक्टरचा मफलर

कार्डिफमध्ये संसार थाटला की 'डॉक्टर हू' ही मालिका आपोआप घरात येते. २००५ साली ती नव्याने सुरू झाली तेव्हापासून तिची निर्मिती वेल्समध्येच होते. २०१२ ते २०१७ या काळात कार्डिफ बेमध्ये तिचं प्रदर्शनही होतं. तिथे काचेआड, वेगवेगळ्या नटांनी रंगवलेल्या एकेका डॉक्टरचे पोशाख मांडलेले असत. ते पाहून आल्यावर माझी लेक सत्तरच्या दशकातले जुने भाग बघू लागली आणि तिचा जीव जडला टॉम बेकर यांच्या चौथ्या डॉक्टरवर. कुरळे केस, रुंद काठाची टोपी, लांब कोट आणि गळ्यातून थेट पायांपर्यंत लोंबणारा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर. "आई, मला तोच हवा. त्याच्यासारखा नको, तोच!" हा तिचा हट्ट मला मनापासून पटला.

आधी आम्ही तयार मफलर मागवला. रंग भडक, वीण यंत्राची, कडा आतल्या बाजूला गुंडाळलेल्या. पडद्यावरचा मफलर कसा जड, सैल, अंगावर झोकून दिल्यासारखा पडतो. हा कागदासारखा हलका. तेव्हाच ठरवलं, आपणच विणायचा. लोकरीच्या सुया माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक. घरात बाळ येणार असलं की कुंची, मोजे, स्वेटर विणणाऱ्या आई-मावशीच्या शेजारी बसूनच मी शिकले.

त्या मफलरची जन्मकथा मला फार मोलाची वाटते. वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचेसन यांनी निरनिराळ्या रंगांची भरपूर लोकर बेगोनिया पोप या विणकर बाईंकडे दिली. किती विणायचं ते सांगायचं राहिलं. बाईंनी दिलेली सगळीच्या सगळी लोकर विणून टाकली! एवढा लांबलचक मफलर बघून तो तसाच वापरायचं ठरलं, आणि टॉम बेकर यांनी सात वर्षं डॉक्टर रंगवला तो मफलरासकट. अ‍ॅचेसन यांना पुढे चित्रपटांच्या वेशभूषेसाठी तीन ऑस्कर मिळाले. पण जगभर ओळखला जाणारा त्यांचा हा पोशाख पुरा झाला तो एका विणकर बाईच्या हातून.

'तोच' मफलर म्हणजे नेमका कुठला, हा पुढचा प्रश्न. मालिका वर्षानुवर्षं चालली, मफलर झिजला, दुरुस्त झाला, त्याची लांबी बदलत गेली. १९८० साली तर वेशभूषाकार जून हडसन यांनी पोशाखच बदलला आणि मफलर गडद लालसर-जांभळ्या छटांचा झाला. आम्ही पहिल्या वर्षीचा मफलर निवडला, कारण बाईंच्या हातचा मूळ मफलर तो.

मग पडद्यासमोर ठाण मांडलं. दृश्य थांबवायचं आणि पट्टे मोजायचे. वीण साधी आहे, प्रत्येक ओळ सुलट. या विणीत दोन ओळी मिळून एक उंचवटा दिसतो. चित्र पुरेसं स्पष्ट असेल तर उंचवटे मोजून दुप्पट केले की त्या पट्ट्याच्या ओळी मिळतात. दुसरी खूण रंग बदलतो तिथली. एका बाजूने दोन रंगांमधली रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ असते. उलट बाजूने मात्र नव्या रंगाचे ठिपके जुन्या रंगात घुसलेले दिसतात. त्यावरून कॅमेऱ्यासमोर मफलरची कुठली बाजू आहे ते समजतं. लेक आकडे लिहून घेई आणि मी सुईवर पडताळा घेई.

रंगांनी मात्र खरा कस पाहिला. जांभळा, बदामी, राईसारखा पिवळा, विटकरी, राखाडी, कांस्यवर्णी आणि शेवाळी तपकिरी असे सात रंग. त्या काळी बीबीसी स्टुडिओतली दृश्यं व्हिडिओ टेपवर आणि बाहेरची बहुतेक १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित करत असे. त्यामुळे एकच विटकरी पट्टा एका दृश्यात तांबडा, तर दुसऱ्यात चक्क तपकिरी. म्हणून कुठल्याही एका चित्रावर विसंबायचं नाही, शेजारशेजारचे पट्टे एकमेकांशी ताडून बघायचे असं ठरवलं. लोकरीच्या लडी ओळीने ठेवून फोनवर कृष्णधवल फोटो काढला की गडद कोणती आणि फिकी कोणती, ते लगेच उमगतं. पडद्यावरचं चित्रही तसंच रंगहीन करायचं आणि दोन्ही शेजारी ठेवायची. सहा रंग असे जमले. शेवाळी तपकिरी कुठे मिळेना. एका जुन्या लोकरीच्या दुकानातल्या आजींनी माझा नमुना हातात घेतला, दारापाशी उजेडात धरला आणि कपाटाच्या तळातून नेमकी तीच लड काढून दिली.

विणताना ताणाचा अंदाज महत्त्वाचा. हात घट्ट ठेवला तर मफलर फळीसारखा ताठ होतो. जाड सुया घेऊन टाके सैल ठेवले तर तो पडद्यावरच्यासारखा लोंबतो आणि स्वतःच्या वजनाने लांबत जातो, म्हणून विणताना लांबी थोडी कमीच धरायची. प्रत्येक रंगबदलाला दोन टोकं सुटतात, ती सुईने आत दडवण्याचं काम विणण्याइतकंच चिकाटीचं. शेवटी दोन्ही टोकांना सातही रंगांचे धागे एकत्र घेऊन गोंडे बांधले. लेकीने मफलर गळ्यात घातला, दोन वेढे दिले तरी तो गुडघ्याखाली आला. तिला हवा होता तोच मफलर झाला!

या खटाटोपातून माझं एक मत पक्कं झालं. पडद्यावरचा कपडा हुबेहूब करायचा तर रंग आणि मापं पुरत नाहीत. तो कुणी, कशाने आणि कसा केला हे कळावं लागतं. मालिकेच्या श्रेयनामावलीत वेशभूषाकाराचं नाव येतं, पण विणणाऱ्या, शिवणाऱ्या, रंगवणाऱ्या हातांची नावं क्वचितच येतात. तुम्हालाही एखाद्या पात्राचा पोशाख आवडला, तर दुकान शोधण्याआधी त्या हातांचं नाव शोधा, आणि सापडलं तर चारजणांना आवर्जून सांगा.