धनजच्या स्वयंपाकघरात : पावशी, सोलाणं की मशीन?

कारंजा लाडहून धनज बुद्रुककडे निघालं की पौषात ठिकठिकाणी तूर उभी दिसते. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, पण माती तीच वऱ्हाडातली काळी आणि पिकंही तीच – कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. मैत्रिणींनो, या दिवसांत इथे पाहुणी म्हणून गेलात, तर गप्पांबरोबर तुमच्यापुढे तुरीच्या शेंगांचं टोपलंही येईल! तुरीचे ओले दाणे म्हणजे सोले. सोलेभाताची चव वाटाण्याच्या भाताला नाही. पण खायचे तर आधी सोलायला हवेत ना?

आमच्या चुलतसासूबाईंचं घर धनजचं. संक्रांतीला गेले, तर त्यांच्या मुलाने शहरातून साल काढायचं विजेचं मशीन आणलेलं. जाऊबाईंनी आणि मी त्याची परीक्षाच घेतली.

बटाटा दोन टोकांमध्ये अडकवायचा आणि बटण दाबायचं. बटाटा गरगर फिरतो, पातं त्याच्या अंगावरून सरकत साल काढतं. गोल बटाटा सुरेख निघाला. वेडावाकडा मात्र अर्धा सोललेला, अर्धा तसाच! दोन्ही टोकांची साल हातानेच काढावी लागली. आलं, अळकुडी यांचं तर नावच नको. शिवाय एका वेळी एकच नग, आणि मागाहून धुणं-पुसणं वेगळंच.

पावशी, म्हणजे आपली विळी, कोहळं नि लाल भोपळा यांच्यासाठी अजून पहिल्या नंबरावर. जाड साल तिच्यापुढे टिकत नाही. पण खाली बसावं लागतं, आणि गुडघे दुखणारीला ते जमत नाही.

मधलं म्हणजे हातातलं सोलाणं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड नेवेचेर्झाल यांनी १९४७ मध्ये ‘रेक्स’ नावाचं सोलाणं काढलं. त्याचं आडवं पातं थोडं हलतं, म्हणून ते बटाट्याच्या चढउतारावर आपोआप वळतं आणि साल पातळ निघते. पुढे अमेरिकेत सॅम फार्बर यांच्या पत्नीला सांधेदुखीमुळे बारीक मुठीचं सोलाणं धरवेना. त्यातून १९९० मध्ये जाड, मऊ मुठीची सोलाणी बाजारात आली. एका बाईचे हात दुखले, म्हणून मूठ बदलली, बरं का!

हे मी चुलतसासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “मशीन गुणाचं हाये माय. पण शेंगाले हात लावते का ते? माह्ये बोटं तं शेंगानंच सुजते.”

आम्ही दोघी गप्पच झालो. बटाट्यांचं काम पाच मिनिटांचं, त्याला मशीन आलं. शेंगांचं टोपलं तासन्‌तास पुरतं, ते मात्र सुजलेल्या बोटांवरच राहिलं. मग जाऊबाईंनी टोपलं उचललं आणि पुरुषमंडळी टीव्ही पाहत होती तिथे मधोमध ठेवलं. कुरकुर झाली, पण जेवणाआधी शेंगा संपल्या.

आता तुम्ही म्हणाल, मशीन घ्यावं की नाही? चार-पाच माणसांच्या घराला चांगलं सोलाणं पुरतं. खानावळ असेल तर आतून खरखरीत पिंप असलेलं मोठं यंत्र बघा. त्यात बटाटे घासले जाऊन सोलले जातात आणि साल पाण्याने वाहून जाते. आणि घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर ते लहान विजेचं मशीन जरूर घ्या. तिथे ते चैन नव्हे.

जाता जाता थोडं :
• मूठ बारीक असेल तर सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळा.
• लसणीच्या पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, साल सुटते.
• भाजीचे बटाटे सालासकट उकडा. हिरवा पडलेला भाग मात्र खोल कापून टाका, तो अपायकारक असतो.
• बोटं दुखत असतील तर तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून ताटात ठेवा. ज्याने त्याने आपल्या सोलाव्यात!

दुकानात जाण्याआधी आठवडाभर एवढंच पाहा : घरात सोलण्याचं कुठलं काम सगळ्यात जास्त वेळ खातं आणि ते कुणाच्या हातांनी होतं? पैसे त्या हातांसाठी खर्च करा.