कंपांगोच्या घरी

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराला तळे म्हणायला जीभ धजत नाही. मुंबईहून निघून पणजी गाठावी एवढी, सुमारे ५८० किलोमीटर त्याची लांबी, आणि खोली सातशे मीटरांच्या वर! लिव्हिंग्स्टनने याच सरोवरासाठी ‘लेडी न्यासा’ नावाची आगबोट बांधून घेतली होती. ती इथवर पोचलीच नाही. अखेर १८६४ साली समुद्र ओलांडून त्याने ती मुंबईला आणली आणि पुढे विकून टाकली. मी केप मॅक्लियरला गेलो तो मात्र एका माशाच्या ओढीने.

त्याचे नाव कंपांगो. आपल्याकडच्या शिंगाळ्याच्या वळणाचा. अंगाला खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा. दिवसा खडकांच्या आडोशाला पडून राहायचे आणि रात्री शिकारीला निघायचे. सिक्लिड नावाचे रंगीबेरंगी मासे हे त्याचे मुख्य खाणे. एकूण दरोडेखोरच म्हणायचा!

पण घरी त्याचे वागणे पाहावे. तळाशी खळगा करून नर-मादी दोघेही पिलांवर पहारा करतात. मादी पिलांसाठी निराळी, न फळलेली अंडी घालते. पिले तिच्या पोटाखाली गर्दी करून ती मटकावतात. नर बाहेरून बारीक पाणकिडे तोंडात भरून आणतो आणि पिलांत सोडतो. बाजारहाट त्याच्याकडे, म्हणा ना!

होडीवाल्या तरुणाने खूण केली तिथे मी डोळ्यांवर काच चढवून डोके पाण्यात घातले. खाली पिलांचा थवा, वर ती मिशाळ माउली. थव्याच्या कडेला काही निराळ्याच घडणीची पिले दिसली. ती सिक्लिडांची! ज्याच्या जबड्याची धास्ती, त्याच्याच पदरात लेकरे! केनेथ मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० साली यातला हिशेब मांडला. पाहुणी पिले कडेला राहतात, घरची मध्ये. चोर आला की आधी पाहुण्यांवर बेतते. मला तर हा हिशेब कळल्यावर कंपांगो अधिकच आवडला.

पिले सोडून तो हलत नाही, आणि तेच त्याला भोवते. एका जागी ठरलेला मासा कोळ्याला आयताच सापडतो. आईबाप गेले की पिलांना वाली नाही. २०१८ साली त्याची नोंद नष्ट होण्याच्या अगदी काठावर आलेल्या जातींत झाली. राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण किनाऱ्यापासून शंभर मीटर पाण्यापर्यंतच.

संध्याकाळी वाळूवर एक बाई कंपांगो चिरीत बसली होती. पोट अंड्यांनी भरलेले. ती घालायची होती की भरवायची, हे ओळखू यावे म्हणून मी बराच वेळ वाकून पाहत राहिलो. गिऱ्हाईक समजून तिने भाव सांगितला.