दहाच्या अलीकडे

अकरा वर्षे माझ्या घरात मुकाट्याने नांदलेल्या इलेक्ट्रिक गिटारने गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी, तिच्या व्हॉल्यूमच्या नॉबला मी सहज बोट लावताच, तापल्या तेलात मोहरी पडावी तसा तडतडाट केला. आणि वाद्याचा अंतकाळच जवळ आला अशा समजुतीने मी दुसऱ्या दिवशी तिला पाठीला अडकवून लॅमिंग्टन रोडवरच्या एका पोटमाळ्यावर, जिथे जुन्या रेडिओपासून ॲम्प्लिफायरपर्यंत सर्व रुग्णांची चिकित्सा एकाच टेबलावर होत असते, हजर केले. कारागिराने तारा सैल केल्या, दर्शनी बाजूच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याचे अकराही स्क्रू काढून एका बशीत ठेवले आणि पत्रा उलटा करून तिच्या पोटातला कारभार माझ्यासमोर उघडा केला. मग त्याने व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रोधकाच्या, फटीत कसलासा फवारा मारला, नॉब शून्यापासून दहापर्यंत तीसएक वेळा गरागरा फिरवला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाला, "साहेब, ह्याला काही झालेलं नाही. ह्याला तुम्ही कधी फिरवलंच नाहीये."

आरोप खोटा नव्हता. पॉटच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचा कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावरून धातूची एक जिव्हा सरकत असते. ती सरकत राहिली की पट्टा आपोआप पुसला जातो, आणि ती वर्षानुवर्षे एकाच जागी बसली की मुंबईची दमट हवा आणि धूळ उरलेल्या मुलखावर आपला अंमल बसवतात. माझी जिव्हा अकरा वर्षे दहावर बसून होती. त्या अकरा वर्षांत मी आवाज बदलण्यासाठी, खरे सांगायचे तर आवाज बदलल्याच्या समाधानासाठी, पायाखाली मांडायच्या सात डब्या विकत घेतल्या होत्या: एक गुरगुरणारी, एक प्रतिध्वनी काढणारी, एक आवाजाला लाटांवर हेलकावे देणारी, आणि उरलेल्या चारांचे प्रयोजन आज मलाही धड सांगता येणार नाही. पदरी तैनात असलेले तीन नॉब आणि एक स्विच मात्र कामावाचून पगार खाणाऱ्या कारकुनांसारखे स्वस्थ बसून होते, आणि त्यांना स्वस्थ बसवणारा हुजूर मीच होतो.

ह्या कारभाराचे मूळ दफ्तर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे. तेथे पूर्वी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवलेला लिओ फेंडर, जो स्वतः गिटार वाजवीत नसे, त्याने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली आणि तिचा व्हॉल्यूमचा नॉब तारांच्या इतका निकट बसवला की तारा छेडणाऱ्या हाताची करंगळी तेथपर्यंत विनासायास पोहोचावी. रेडिओच्या माणसाची दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. रेडिओचे बटण हे हाताशीच हवे, एरवी ते असून नसून सारखेच. तारांखाली बसवलेला पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकावर कंप पावू लागली की त्या वेढ्यांत, फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या न्यायाने, वीज उत्पन्न होते, आणि ती ॲम्पकडे निघते. नॉबांचा संबंध ह्या वाटचालीपुरता. ते वाटेवरचे जकातनाके आहेत: मालात भर घालण्याचा अधिकार त्यांना नाही, ते केवळ कापून घेऊ शकतात, आणि कापून घेतलेला भाग अर्थिंगच्या तारेने जमिनीकडे, म्हणजे अक्षरशः सरकारजमा होतो. ही एक गोष्ट ध्यानात आली की दहाचा आकडा हा 'पूर्ण आवाज' नसून 'माफ केलेली जकात' आहे, हे कळते. सदैव दहावर वाजवणारा मनुष्य कारभार चालवीत नाही, तो नाका उघडा टाकून झोपी गेलेला असतो.

व्हॉल्यूमच्या नॉबाला लोक आवाज लहानमोठा करण्याचे साधन समजतात, आणि शांत ॲम्पपुढे तो तेवढाच आहे. परंतु ॲम्प तापून किंचित फुटू लागला असेल, त्या फाटलेल्या कडेवर आवाज उभा असेल, तर हाच नॉब स्वभाव बदलतो. दहावर जो स्वर भांडतो, तोच साडेसहावर समजुतीने बोलू लागतो, आणि पाचावर घंटेसारखा निर्मळ होतो. ॲम्पला कोणी हात लावलेला नसतो. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आपल्या फझ फेस ह्या डबीचा कर्कश आक्रोश पायाने बंद न करता गिटारचा व्हॉल्यूम उतरवूनच शांतवीत असे. तो डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरणारा, त्यामुळे त्याचे नॉब खाली नसून वरच्या अंगाला येत, आणि तरीही त्याचा हात तेथे जाई. पॉट दोन प्रकारचे मिळतात. एकात पट्ट्याचा रोध सारखा वाढत जातो. दुसऱ्यात कार्बन असा चढवलेला असतो की अर्ध्या फेऱ्यावर जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढाच रोध भरतो, कारण कानाची बेरीज गणिताच्या बेरजेसारखी नसते, ती पटीपटीने चालते. एक दोष मात्र कबूल केला पाहिजे. व्हॉल्यूम उतरला की नुसता आवाज उतरत नाही, त्याची झिलईही थोडी उतरते. ॲम्पपर्यंतची पाच-सहा मीटरची केबल, जी स्वतःच एक लहानसा कपॅसिटर असते, ती वरचे सूर हळूच गिळते. काही कारागीर पॉटवर एक चिमुकला कपॅसिटर आडवा लावून वरच्या सुरांना जकातीतून सूट देतात. मला ती सूट फारशी पसंत नाही. आवाज थोडा खाली बसला की तो थोडा म्हातारा, थोडा समजूतदार वाटतो, आणि माझ्या वयाला तो शोभतो.

टोनच्या नॉबाविषयी मात्र मी सावकाश बोलणार आहे, कारण त्याच्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला आहे. तो मंद्र सुरांना हात लावीत नाही. त्याच्या टोकाला बसवलेला कपॅसिटर, जो पुष्कळ गिटारींत ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो, फक्त वरच्या सुरांना वाट देतो, आणि वाट दिली की ते खालसा होतात. दहावरून आठावर आणा: बदल झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण काच दिसेनाशी होते, नुसता उजेड उरतो. पाचावर तार जणू सुती होते. तीन-दोनवर तिच्यावर गोधडी पडते, आणि बहुतेक लोक येथूनच परत फिरतात, पुढे चिखलच असणार अशा खात्रीने. परंतु शून्यावर एक चमत्कार आहे. तेथे रोधाचा पडदा गळून पडतो, कपॅसिटर आणि पिकअपचे वेटोळे समोरासमोर येतात, आणि दोघांच्या मसलतीने पाचशे ते सातशे हर्ट्झच्या आसपास एक नवाच उठाव निर्माण होतो. म्हणून शून्यावरचा आवाज केवळ बोथट नसतो, त्याला तोंड असते. ओठ गोल करून कोणी 'ओ' म्हणावे तसा तो उमटतो. त्यामागे ॲम्प ताणलेला असला म्हणजे तो गाऊ लागतो. एरिक क्लॅप्टनने क्रीम ह्या मंडळीत असताना ह्याच आवाजाला 'वुमन टोन' असे नाव दिले, आणि १९६७ च्या 'सनशाइन ऑफ युवर लव्ह' ह्या गीतातल्या त्याच्या एकल वादनात तो ऐकू येतो. जगभरच्या पोरांनी त्या आवाजासाठी किती डब्या घेतल्या असतील! त्यांचा नॉब त्यांच्या करंगळीपासून चार बोटांवर होता.

आमच्याकडे हे कळायला अडचण पडू नये. ज्या मुलखात मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी महिरपीच्या कोरीव कामापेक्षा अधिक निगुतीने घासतात, जेथे तारेखालचा सुताचा 'जीव' केसभर पुढे सरकवला की बंद आवाज उघडतो आणि केसभर मागे नेला की पुन्हा मिटतो, तेथे वाद्याचा स्वभाव वाद्याच्याच अंगी शोधायचा असतो हे गवयाला शिकवावे लागत नाही. मला ते गिटारच्या बाबतीत शिकवावे लागले, एवढेच. लहानपणी शेजारच्या बुवांना 'जीव' सरकवताना मी शेकडो वेळा पाहिले आहे. जीव सरकवून ते डोळे मिटत आणि एकच तार चार-पाच वेळा छेडीत. मी इकडे डब्यांचे माहितीपत्रक वाचीत बसलो.

स्विचाची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. तारेच्या टोकाशी, ब्रिजजवळ, कंप लहान असतो आणि वरचे सूर ठळक, म्हणून तिथला पिकअप लिंबासारखा. मानेकडे कंप रुंद, म्हणून तिथला लोण्यासारखा. फेंडरने तीन पिकअप दिले आणि तीन घरांचा स्विच दिला. वादकांनी तो दोन घरांच्या मध्येच अडकवून ठेवला, कारण तेथे दोन पिकअप एकत्र येऊन एक पोकळ, किंचित अनुनासिक आवाज निघे, जो कारखान्याने योजलेला नव्हता; ही बेकायदा वहिवाट इतकी रूढ झाली की अखेर १९७७ साली कारखान्यानेच पाच घरांचा स्विच बसवून तिला मान्यता दिली. पुढच्याच वर्षीच्या 'सुल्तान्स ऑफ स्विंग' ह्या गीतात गिटारवादक मार्क नॉफ्लरच्या बोटांखाली हीच मधली जागा बोलते आहे. मूळ रचनेत ब्रिजच्या पिकअपला मात्र टोनचा नॉबच नेमलेला नव्हता. सर्वांत कर्कश तोच आणि जकात माफ त्यालाच. माझ्या कारागिराला ही पक्षपाती व्यवस्था ठाऊक होती. त्याने न विचारता तिसऱ्या नॉबाकडून स्विचाकडे वीतभर तार नेली, दोन डाग दिले, राळेचा धूर फुंकरीने उडवला, आणि ब्रिजचा पिकअप प्रथमच कायद्याखाली आला.

ह्या सर्वांचा खरा अधिपती गिटारवादक जेफ बेक होता असे माझे मत आहे. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, टाकून देऊन तो उघड्या बोटांनी तारा छेडी, आणि करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबावर असे. तार छेडताना नॉब शून्यावर, छेडल्यावर हळूच वर, त्यामुळे आघात ऐकूच येत नसे, स्वर जणू श्वासातून उगवे. मी तीन महिने तेवढेच करून पाहतो आहे. आघात लपतो, पण करंगळी दुखते, आणि स्वर उगवण्याऐवजी दार करकरत उघडावे तसा येतो. डब्यांना मी अपराधी ठरवीत नाही. प्रतिध्वनी नॉबातून निघत नाही, तो डबीनेच द्यावा. पण सातांपैकी पाच डब्या मी कपाटावर ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यावर धूळ बसते आहे ह्याचे मला वाईट वाटत नाही.

आपल्या घरी गिटार असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर ॲम्प लावा, तो बेताच्या आवाजावर ठेवा, आणि दोन्ही-तिन्ही नॉब शून्यापासून दहापर्यंत एकेकदा फिरवून पाहा. खरखर आली तर घाबरून दुकान गाठू नका. तीसएक वेळा फिरवा, बहुधा ती जाते. माझ्या कारागिराने मात्र पन्नास रुपये घेतले, आणि त्यातले वीस, तो म्हणाला, फवाऱ्याचे.