बाबांचा डावा गुडघा

बाबा गाडीत बसत नाहीत, पडतात. दाराला धरून पाठमोरे उभे राहतात, सीटचा अंदाज घेतात आणि अंग सोडून देतात. उतरताना याच्या उलट. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मी मोबाइल बघत असल्याचं नाटक करतो.

वय 73. गाडी 2009 ची मारुती 800. पंधरा वर्षं झाली, पासिंग संपत आलं होतं. त्यात आईचा फोन आला. "त्यांना सांगू नकोस, पण परवा क्लचवरून पाय घसरला. गाडी गेटला लागली." मी साताऱ्याला गेलो तो 'आता चालवणं बंद करा' हे सांगायलाच. पण ते दारात चावी घेऊनच उभे. "चल, नवीन बघून येऊ."

शोरूममधला मुलगा माझ्याशीच बोलत होता. सनरूफ, मोठी स्क्रीन. बाबा तिकडे बघतही नव्हते. प्रत्येक गाडीत बसायचे, उतरायचे, परत बसायचे. एसयूव्हीत पाय उचलावा लागला. सेडानमधून वर यायला माझा हात. वॅगन आरमध्ये मात्र ते सरळ कडेने टेकले आणि पाय आत घेतले. सीट कंबरेच्या उंचीला आली की गुडघ्याला चढावं लागत नाही, उठावंही लागत नाही. मी आठवडाभर रिव्ह्यू बघत होतो. त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. (मी तरी कुठे शोधलं होतं?) एसीला गोल बटणं आहेत का, हे त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. रस्त्यावरची नजर न काढता सापडली पाहिजेत म्हणे.

मग ऑटोमॅटिक. एएमटीमध्ये गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लच फक्त मशीन दाबतं. म्हणून गिअर बदलताना थोडा हिसका बसतो. पण डाव्या गुडघ्याला सुट्टी. खरी भीती वेगळीच निघाली. पोवई नाक्याच्या अलीकडे बाबांच्या डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला आणि ब्रेक दाबला. जोरात. माझं डोकं डॅशबोर्डला लागता लागता राहिलं. मागच्याने हॉर्न वाजवला.

"काका, डावा पाय सीटखाली घ्या," मुलगा म्हणाला. बाबांनी निमूट घेतला. अख्खी 44 वर्षं गाडी चालवलेला माणूस. मला वाटलं, आता बोलावं.

तेच म्हणाले, "अंधार पडल्यावर नाही चालवणार मी. समोरून ते पांढरे लाइट आले की रस्ताच दिसत नाही. दोन वर्षं झाली." मग थोडं थांबून, "गेटचं तुला कळलंय ना?"

"हो."

"आठ दिवस रिकाम्या मैदानात सराव करतो. तू बस शेजारी."

मी रजा वाढवतो म्हणालो. शोरूममध्ये परत आल्यावर बाबा बुकिंगच्या टेबलाकडे गेलेच नाहीत. शेजारच्या सीटचं दार उघडून वाकून बघत उभे राहिले. "हिला आणून बसवून बघू आधी. तिचे दोन्ही गुडघे दुखतात."