आता बोलवायला कोणी येत नाही

माझ्या आजीनं पहिली तीन मतदानं गावातल्या एकाच शाळेत केली, पण तीन वेगवेगळ्या राज्यांत. 1951-52 साली आमचा वाशीम तालुका मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. 1957 ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, 1962 ला महाराष्ट्रात. आजी जागची हलली नाही. राज्यंच तिच्या अंगणातून ये-जा करत राहिली.

पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर चिन्ह, हातात कागद, आणि ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत तो टाकायचा. त्या वेळी देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. आजीनं मात्र नाव सांगितलं होतं. पुढं कितीही खोदून विचारलं तरी तिचं एकच उत्तर असे, "कोणाले टाकलं हे मी तुह्या आज्यालेबी सांगतलं नाई."

मला आठवतं ते मतदान म्हणजे गावचा सणच. आठ-आठ दिवस आधी भोंगा लावलेल्या जीपगाड्या धुरळा उडवत यायच्या आणि आम्ही पोरं बिल्ल्यांसाठी त्यांच्यामागं धावायचो. गेरूनं रंगवलेल्या भिंतींवर गाय-वासरू असे, नांगरधारी शेतकरी असे, पुढं हाताचा पंजा आला. ताई, माई आणि अक्का यांनी पक्का विचार करावा म्हणून सगळी गल्ली ओरडायची. मतदानाच्या दिवशी कापसाची वेचणी अर्ध्यावर टाकून बाया यायच्या. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना न्यायला दारात बैलगाडी उभी राहायची. मतदारांना नेण्यासाठी उमेदवारानं भाड्यानं गाडी लावणं कायद्यानं गुन्हा आहे, हे गावात कोणाला ठाऊक असेलसं वाटत नाही.

माझं पहिलं मत डिसेंबर 1984 चं. तेव्हा एकवीस पुरी व्हावी लागत; अठराव्या वर्षी मताचा हक्क 1989 मध्ये आला. आमच्या मतदारसंघात उमेदवार होते गुलाम नबी आझाद. काश्मीरचा माणूस 1980 आणि 1984 असा दोनदा वाशीमचा खासदार झाला. त्याआधी 1977 ला इथूनच वसंतराव नाईक लोकसभेत गेले होते. मतपत्रिका हातात आली तेव्हा वडिलांनी घरी शिकवलेली घडी आठवली. शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली तर मत बाद व्हायची भीती, म्हणून आधी उभी घडी, मग आडवी. एवढी काळजी मी शाळेच्या पेपरालाही घेतली नसेल.

या आठवणीत गोडवा आहे, तसा खडाही आहे. बैलगाडी धाडणारा उगाच धाडत नसे. गाडीत बसताना चिन्हही कानात सांगितलं जायचं. कितीतरी घरांत एकाच्या शब्दावर सगळी मतं जायची. मत द्यायला जावं की नाही, हा प्रश्नच कोणाला पडत नसे. गाव निघालं की माणूस निघायचा. आम्ही ज्याला उत्साह म्हणत होतो, त्यात थोडा धाकही मिसळलेला होता.

नव्वदीत मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून टी. एन. शेषन आले आणि भिंती पुसल्या गेल्या, भोंगे गप्प झाले, फोटोची ओळखपत्रं निघाली. 2004 ला सगळीकडे यंत्रं आली, 2013 नंतर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं. आता मत दिल्यावर छापील चिठ्ठीवरचं चिन्ह काचेआडून सात सेकंद दिसतं. यादीतलं नाव मोबाइलवर सापडतं. 26 एप्रिल 2024 च्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांकडे, त्यांनी मागणी केली तर, मतदान पथकच घरी गेलं. जिथं उमेदवाराची बैलगाडी यायची, तिथं आता सरकार येतं, आणि चिन्ह कानात सांगत नाही.

सोय एवढी वाढली, पण बोलावणं संपलं. दारात कोणी येत नाही. पोरं पुण्याला, आणि नुसत्या एका मतासाठी रात्रभर ट्रॅव्हल्सनं कोण येणार? लोकसभेचा वाशीम हा स्वतंत्र मतदारसंघही उरला नाही. 2009 पासून वाशीम आणि कारंजा यवतमाळला जोडलेले, रिसोड अकोल्याला. लाखोंच्या त्या मोजणीत माझ्या एकाचं काय, असं वाटणारच. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेआधी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होते, तेव्हाही पारावर वैतागलेले काही जण म्हणालेच, "जाऊन तरी काय होते?"

मला याचं उत्तर लहान निवडणुकांनी दिलं. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात मतदार काही शे. तिथं दोघांना सारखी मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात आणि पाच वर्षांचा कारभार चिमुकल्या पोराच्या हातातल्या कागदावर ठरतो. त्या दिवशी घरी बसलेला एकच माणूस उठला असता, तर देवाला त्रास द्यावा लागला नसता.

आणि निवडणूक झालीच नाही तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं. मार्च 2021 मध्ये जिल्हा परिषदांच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आला, त्या खटल्यातले याचिकाकर्ते विकास गवळी आमच्याच वाशीम जिल्ह्यातले. काही जागांची पोटनिवडणूक ऑक्टोबरात झाली, पण पुढं हा आरक्षणाचा गुंता राज्यभर वाढत गेला आणि नगरपरिषदांची निवडणूक थेट 2025 च्या डिसेंबरात आली. शहरात मधली वर्षं प्रशासकाची. नाली तुंबली तर अर्ज द्यायला खिडकी होती. रागवायला नगरसेवक नव्हता. मत देऊन काय होतं, असं विचारणाऱ्यांना मत नसताना काय होतं ते तेव्हा कळलं.

म्हणून मी एकही निवडणूक सोडत नाही. पूर्वी गाव मला घेऊन जायचं, आता मी स्वतः जातो. त्यामुळे ते जाणं पहिल्यांदाच पूर्ण माझं झालं आहे. मुलाचं नाव अजून इथल्या यादीत आहे, राहतो पुण्यात, आणि मत दोन्हीकडे नाही. इथलं नाव काढायचं म्हटलं की त्याला गावाची नाळ तोडल्यासारखं वाटतं. मी त्याला सांगितलं, नाळेसाठी दिवाळी आहे, पोळा आहे. तू ज्या नळाचं पाणी पितोस, तिथल्या यादीत नाव लाव. आठ नंबरचा फॉर्म घरबसल्या भरता येतो, आणि तो भरायला तुझ्या दारात कोणी गाडी घेऊन येणार नाही.